नांगराखाली गेलेला मुठेचा काठ

पुण्याची सदाशिव पेठ वसली १७६९ साली, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने. त्याआधी या जागेला नायगाव म्हणत. पेठ बसण्याच्या आधीच नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याचा प्रवाह पर्वतीकडून वळवला होता आणि कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आणले होते. पुढे नाना फडणीसांनी नऱ्हे-आंबेगावकडून दुसरा नळ आणला, त्याचे पाणी पेठेतल्या हौदात पडू लागले. त्यानंतर खडकवासल्याचे धरण झाले, पानशेत, वरसगाव आणि टेमघरची झाली. नळ बदलले, पण एक गोष्ट तीच राहिली. ही पेठ अडीचशे वर्षे दुसऱ्यांच्या डोंगरावर पडलेले आणि दुसऱ्यांच्या बांधावरून आलेले पाणी पिते आहे.

म्हणून त्या बांधांवर काय घडले, हा प्रश्न पेठेतल्या माणसालाही लागू आहे. नदी आणि ओढ्यांच्या काठची मूळ झाडे, गवते आणि झुडपे काढून तिथे शेती केली गेली. एका दिवसात नव्हे, दीड-दोनशे वर्षांत, हातभर-हातभर करत. त्याची किंमत किती झाली, कोणी दिली आणि आता काय करता येईल, याचा हा आढावा आहे. माझे मत आधीच सांगतो. काठावरची ती अरुंद पट्टी शेतकऱ्याला सगळ्यात कमी देते आणि नदीला सगळ्यात जास्त. ती परत मिळवायची असेल, तर तिचे पैसे पाणी पिणाऱ्या शहराने दिले पाहिजेत.

काठावर मुळात काय होते

‘पूर्वी सगळीकडे घनदाट जंगल होते’ असे आपण सहज म्हणतो. पुणे जिल्ह्यापुरते ते अर्धेच खरे आहे. पश्चिमेला मुळशी, वेल्हे, भोर या पट्ट्यात पाऊस प्रचंड. तिथे डोंगरउतारांवर खरोखर जंगल होते, आणि देवरायांमध्ये त्याचे तुकडे अजून उभे आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतल्या कितीतरी ओढ्याच्या उगमाशी किंवा पाणवठ्याशी असल्याचे दिसले. देवाच्या नावाने राखलेले ते पाण्याचे रान होते.

पूर्वेकडे, पुणे सोडून दौंड, बारामती, इंदापूरच्या वाटेला लागले की चित्र वेगळे होते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. इथे माळरान होते. कुसळी आणि पवन्याची गवते, मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ. हे माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचे अवशेष, असा सरकारी समज फार काळ होता, आणि अजूनही वनीकरणाच्या योजना त्यावरच आखल्या जातात. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या समजाला थेट मराठी साहित्यातून उत्तर दिले. तेराव्या ते विसाव्या शतकापर्यंतच्या ओव्या, चरित्रे आणि लोककथांमध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्या वनस्पतींचे उल्लेख येतात, हे त्यांनी तपासले. त्यांत ज्या रानवनस्पती सापडल्या, त्यांतल्या जवळपास दोनतृतीयांश माळरानाच्या, उन्हातल्या, काटेरी होत्या. अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांमध्ये राहून जमवलेले मौखिक साहित्यही त्यांच्या कामी आले. शास्त्रज्ञाने ओवीकडे पुरावा म्हणून पाहावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

या दोन्ही भागांना जोडणारी तिसरी पट्टी म्हणजे खुद्द काठ. माळावरून वाहणाऱ्या ओढ्याच्या दोन्ही अंगांनाही हिरवी रेघ असायची. उंबर, करंज, जांभूळ, अर्जुनसादडा, पाण्यात पाय टाकून उभी राहणारी वाळुंज, खडकांच्या फटीत मुळे रोवणारी शेरणी, त्याखाली निरगुडी आणि लव्हाळे. ही झाडे पुराला अडवत नाहीत. ती वाकतात, पाणी जाऊ देतात आणि माती धरून ठेवतात. वाळुंज आणि शेरणी दरवर्षी पुराखाली जातात आणि पाणी ओसरले की पुन्हा पालवतात. आंबा किंवा गुलमोहोर लावून हे काम होत नाही.

ही पट्टी काय करत होती

काठावरचे झाड पाण्यावर सावली धरते, त्यामुळे उन्हाळ्यात डोहाचे पाणी गार राहते आणि त्यात प्राणवायू टिकतो. गळलेली पाने ओढ्यातल्या किड्यांचे अन्न होतात आणि किडे माशांचे. शेतातून वाहून येणारी माती गवतात अडकते. खतातला बराचसा नत्र काठाच्या ओल्या मातीतले जिवाणू हवेत परत सोडतात, तो नदीत पोचत नाही. गाळ अडवायला काही मीटर रुंदीची पट्टीही बरीच पुरते. पक्षी आणि प्राण्यांना ये-जा करायची असेल तर ती अधिक रुंद लागते.

या सगळ्याचा साक्षीदार एक मासा आहे. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी कर्नल साइक्स १८२४ ते १८३१ या काळात दख्खन पायाखाली घालत होते. त्यांनी पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून एका मोठ्या माशाची नोंद केली आणि १८३९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन छापून आले. तो दख्खनचा महाशीर, आपल्याकडचा खडस, शास्त्रीय नाव टोर खुद्री. म्हणजे जगभरच्या मत्स्यशास्त्रात या जातीचा मूळ पत्ता पुण्याची नदी आहे. या माशाला वाहते, गार, स्वच्छ पाणी लागते, अंडी घालायला गोट्यांचा तळ लागतो, आणि काठावरच्या झाडांची पाण्यात पडलेली फळेही तो खातो. आज पुण्याच्या मुळा-मुठेत तो नाही. १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली होती. साठ वर्षांनी हेमंत घाटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नद्यांमध्ये पुन्हा शोध घेतला, तेव्हा त्या यादीतली बरीच नावे सापडली नाहीत. यात सांडपाण्याचा वाटा फार मोठा आहे, हे कबूलच केले पाहिजे. पण शहराच्या वरच्या अंगाला, जिथे गटारे नाहीत, तिथेही मासे घटले आहेत. तिथे गाळाने बुजलेला तळ आणि उघडा पडलेला काठ ही कारणे पुढे येतात.

नांगर काठापर्यंत कसा गेला

पेशवाईत नदीकाठी मळे आणि बागा होत्या, पण नदीच्या लांबीच्या मानाने त्या थोड्या. मोठा बदल इंग्रजी महसुलाने घडवला. प्रिंगल या अधिकाऱ्याची जमीनमोजणी फसल्यावर १८३६ साली इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांची नवी पद्धत सुरू झाली. शेतसारा कमी झाला आणि तीस वर्षांसाठी ठरवून टाकला गेला. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, आणि तो गरजेचा होता. पण त्याचबरोबर पड जमीन, कुरण, ओढ्याकडेची रानटी पट्टी, सगळे नांगराखाली आणणे फायद्याचे ठरले. गुरांचे रान गेले, धनगरांच्या वाटा आखडल्या.

लोकसंख्या वाढत गेली तसे वाटे लहान झाले. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी पवनेकाठच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास केला, तो १९१७ साली प्रसिद्ध झाला. १७७१ साली तिथे सरासरी खातेदाराकडे ४० एकर जमीन होती, १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. ज्याच्याकडे ७ एकर आहेत, आणि तेही विखुरलेले, तो काठावरची उंबराची रांग ठेवणार नाही. त्याला दोष देता येणार नाही.

मग पाट आले. खडकवासल्याचे धरण १८७९ पर्यंत पुरे झाले आणि मुठा उजवा कालवा हडपसर-मांजरीच्या शिवारात ऊस घेऊन गेला. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला. दुष्काळाने पिचलेल्या मुलखाला ही संजीवनी होती. पण काळ्या भारी जमिनीला बारमाही पाणी दिले, आणि ते निघून जायला वाट ठेवली नाही, की जमिनीखालचे पाणी वर येते, उन्हाने उडते आणि मीठ मागे राहते. मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या क्षारपड जमिनींवरचा अहवाल १९१० साली छापला. म्हणजे कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षेच झाली होती.

ओढे आणि त्यांचे काठ हाच त्या शिवाराचा नैसर्गिक निचरा होता. उसाचे क्षेत्र सलग करण्यासाठी ओघळी बुजवल्या, ओढे सरळ केले, काठ सपाट केले, आणि निचरा बंद पडला. चार गुंठे मिळवताना खालच्या शेजाऱ्याची चार एकर जमीन चोपण झाली, अशी उदाहरणे नीरेकाठी आणि कृष्णाकाठी गावोगाव सांगितली जातात. शिरोळ तालुक्यात शेतकरी आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून तेच मीठ धुऊन काढत आहेत. काम चांगले आहे, पण ओढा जे फुकट करत होता त्यासाठी आज एकरी मोठा खर्च येतो.

पूर्वेची माळरानेही अशीच नांगराखाली गेली, तुकडे उरले. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले, क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकारा तिथे अजून दिसते. सोलापूर-नान्नजचा माळढोक पक्षी मात्र जवळजवळ संपला.

पानशेतची गोष्ट

या सगळ्या प्रश्नाचा गाभा मला पानशेतच्या खोऱ्यात दिसतो. १२ जुलै १९६१ ही तारीख पुण्यात कोणाला सांगावी लागत नाही. आंबी नदीवरचे अर्धवट धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासला गेले, नारायण आणि शनिवार पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवसावर पुण्याने पुष्कळ लिहिले. धरणाच्या वर, खोऱ्यात काय घडले, यावर फार थोडे लिहिले गेले.

माधव गाडगीळ यांनी १९७९ साली डोंगर, धरणे आणि जंगले यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात या खोऱ्यांची पाहणी आहे. धरण होण्याआधी खोऱ्यातली शेती मुख्यतः खालच्या सपाट, गाळाच्या जमिनीत होती. डोंगरावर नाचणी-वरईची फिरती शेती होती, पण आंबा आणि हिरड्याची झाडे लोकांनी जपली होती, कारण ती उत्पन्न देत. धरणाच्या कामासाठी रस्ता आला, त्या रस्त्याने कोळशाचे ठेकेदार आले, आणि जपलेली झाडे भट्टीत गेली. मग धरण भरले आणि खालची सुपीक जमीन पाण्याखाली गेली. ज्यांनी दूर जायचे नाकारले किंवा ज्यांना दुसरीकडे नीट जमीन मिळाली नाही, ते वर सरकले. उतारावर, ओढ्यांच्या कडेला, जिथे पूर्वी कधी नांगर गेला नव्हता, तिथे शेती सुरू झाली. पावसाने ती माती खाली आणली, आणि ती कुठे गेली? त्याच धरणात.

ही साखळी नीट पाहिली पाहिजे. शहराला पाणी हवे म्हणून धरण झाले. धरणाने माणसे उतारावर लोटली. उतारावरच्या शेतीने माती सोडली, आणि धरणाची साठवण कमी होऊ लागली. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी धरतात. ती रचनेवेळची आकडेवारी आहे. गाळाचा प्रत्येक थर त्यातून वजा होतो. विस्थापित शेतकऱ्याने जंगल तोडले, असे एका ओळीत लिहून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याची जमीन कोणासाठी बुडाली, हे त्या ओळीत येत नाही.

जलाशयांच्या काठावर दुसरा प्रकार दिसतो. उन्हाळ्यात जलाशय मागे हटला की उघड्या गाळात गाळपेर होते. उजनी धरणाच्या काठावर तर मोठ्या प्रमाणावर. पीक जोमदार येते, त्यातून पुष्कळ घरे चालतात. पण त्या मातीला घातलेले खत आणि मारलेली औषधे पहिल्या पावसाबरोबर थेट पाण्यात जातात, मध्ये एक मीटरही गवत नसते. पुण्या-पिंपरीच्या सांडपाण्याने आधीच हिरवे झालेल्या उजनीत ही भर पडते. उजनीकाठच्या भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी दुर्बीण थोडी खाली करून काठाकडेही पाहावे.

पेठेच्या उशाशी आंबिल ओढा आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याने वीसहून अधिक माणसे घेतली. कात्रजच्या डोंगरापासून दांडेकर पुलापर्यंत त्याच्या काठी आधी शेते आली, मग शेतांचे प्लॉट पडले. दोष बांधकामांचा आहेच. पण काठ शेतात मिसळला तेव्हाच तो बांधकामासाठी मोकळा झाला होता. सध्या मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरवर नदीकाठ सुधार योजना चालू आहे. तिच्यात उरलेल्या काठाचे बांधीव बागेत रूपांतर होऊ नये म्हणून जीवितनदीसारख्या संस्था आणि अनेक नागरिक धडपडत आहेत. माझे मन त्यांच्या बाजूने आहे.

कायदा काठापाशी येऊन थांबतो

महाराष्ट्रात पूररेषा दोन. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, शेतीला मोकळीक. नद्यांच्या काठांसाठी राज्याने २००० साली नदी नियमन क्षेत्र धोरण आणले, २००९ साली सुधारले आणि २०१५ साली रद्द केले. तेही उद्योगांपुरते होते. सातबाऱ्यावर मात्र या पट्टीला जुनी जागा आहे, पोटखराबा. लागवडीला अयोग्य म्हणून जिच्यावर आकारणी होत नाही, ती जमीन. २०१८ साली शासनाने नियम बदलले आणि वर्ग ‘अ’ पोटखराब्यात लागवड झाली असेल तर ती नोंदवून आकारणी करण्याची मुभा दिली. ज्याने खडक फोडून शेत केले त्याला कर्ज आणि विमा मिळावा, हा हेतू रास्त आहे. पण ओढ्याच्या काठाची पट्टी आणि खडकाळ माळ यांत फरक करायला हवा होता. नाही तर नदीकाठ मोडल्याची पावतीच मिळते.

आता शेतकऱ्याचा हिशेब. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी खाते १.३४ हेक्टरचे, म्हणजे साधारण १३२ गुंठ्यांचे. अशा खातेदाराच्या शेताला नदीची १०० मीटर लांबी लागून आहे असे धरा. १० मीटर रुंदीची पट्टी सोडायची तर जवळजवळ १० गुंठे गेले, म्हणजे साडेसात टक्के जमीन. त्यात ऊस असेल तर ढोबळ ८ टन. टनाला ३,००० रुपये धरले तर २४,००० रुपये, आणि तोड, खत, पाणी वजा जाता हातात येणारे त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यातही काठचा ऊस पुरात आडवा होतो आणि काठ ढासळला तर जमीनच जाते. त्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही. पुण्यासारख्या महानगरपालिकेला ती लहान आहे.

पैसे कोणी द्यायचे

हा विचार हवेतला नाही. न्यू यॉर्क शहराने १९९७ साली कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार केला. गाळणी प्रकल्पाला अब्जावधी डॉलर लागले असते. त्याऐवजी शहराने पाणलोटातल्या शेतकऱ्यांना ओढ्याकाठची जमीन सोडण्याचे, कुंपणाचे आणि झाडांचे पैसे दिले. शेतकरी शेतीवरच राहिले. आपल्या देशात हिमाचलमधल्या पालमपूरने २०१० साली बोहाल गावाशी असाच करार केला. झऱ्याचे रान राखायचे आणि नगरपरिषदेने गावाला दरवर्षी १०,००० रुपये द्यायचे. रक्कम किरकोळ आहे, पण पाणी पिणाऱ्याने रान राखणाऱ्याला देणे लागते, हे त्यात कागदावर आले.

नुसत्या कायद्याने काय होते, ते ब्राझीलने दाखवले. तिथे लहान नद्यांच्या काठीही ३० मीटर मूळ वनस्पती राखण्याचा नियम होता. पाळला गेला नाही. अखेर २०१२ साली नवा कायदा करून आधी मोडलेल्या काठांना सवलत द्यावी लागली, अगदी लहान शेतकऱ्यांना तर फक्त ५ मीटर परत लावण्याची अट उरली. मोबदल्याशिवाय सक्ती केली की असेच होणार.

वृक्षारोपणाच्या उत्साहाबद्दलही सावध राहायला हवे. काठ परत आणायचा म्हणजे नदीकाठी हजारो रोपे खोचायची, असा अर्थ घेऊ नये. इंदापूरच्या माळावर गवत परत यायला हवे, सुबाभूळ नको. ओढ्याला वाळुंज, करंज, उंबर, शेरणी लागते. वाळुंजीची फांदी ओल्या काठात रोवली तरी फुटते. पुष्कळ ठिकाणी तर नांगर आणि चराई पाच-सात वर्षे मागे घेतली की काठ स्वतःच भरतो. हे खर्चाचे काम नाही, राखणीचे काम आहे, आणि राखणीची मजुरी द्यावी लागते.

सुरुवात पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरणांच्या आंबी, मोसे आणि मुठा या तीन खोऱ्यांतल्या ओढ्यांपासून करता येईल. पाणी शहराचे आहे, गावे मोजकी आहेत आणि जमिनींच्या नोंदी उपलब्ध आहेत. पुणे महानगरपालिकेने पाणीपुरवठ्याच्या अंदाजपत्रकात पाणलोटाच्या राखणीसाठी स्वतंत्र शीर्षक उघडावे, ग्रामसभांशी दहा वर्षांचे करार करावेत आणि धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांना त्यात पहिला मान द्यावा. सदाशिव पेठेतल्या आणि एकूण पुण्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाला भेटा, पाण्याच्या तासांबद्दल विचारता तसे याबद्दलही विचारा, आणि पाणीपट्टीत यासाठी थोडी वाढ झाली तर ती भरण्याची तयारी असल्याचे लेखी कळवा.